कोणाचा मॉल चांगला

बाबांनी मान वर करून आधी छताकडे पाहिलं आणि मग कुमुदताईंकडे.

खरं म्हणजे हे उलट व्हायला हवं होतं. आम्ही अमरावतीहून अकोल्याला आलो होतो ते या बाईंना भेटायला. त्या 'मोर्णा मॉल'च्या दारातच उभ्या होत्या, मोतिया रंगाची साडी, हातात छोटी पर्स घट्ट धरलेली, बाजूला त्यांचे दीर. आणि आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे गुणवंतराव इंगोले, ए.सी.ची जाळी शोधत होते.

"डक्टिंग बाजूनं घेतलं वाटते," ते म्हणाले.

"नमस्कार सर," कुमुदताई म्हणाल्या.

"हो, हो, नमस्कार मॅडम. हवा डोक्यावर मारत नाही, पाहा. चांगलं काम केलं आहे."

मी कपाळाला हात लावणार होते. पण कुमुदताईंनी खरोखर मान वर केली आणि ती जाळी नीट पाहिली.

"तेच म्हटलं मी," त्या म्हणाल्या, "इथं थंड तर वाटते, पण डोकं काऊन दुखत नाही. आज समजलं."

बाबांचा चेहरा असा उजळला की मी माझ्या नवऱ्याकडे, निशिकांतकडे पाहिलं. तो मात्र सरकत्या जिन्याकडे पाहत होता. मुद्दाम.

बाबा आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचे शिक्षक होते. सासूबाई गेल्यावर काही वर्षं त्यांनी घरातला फ्रिज, शेजारचा कूलर, देवळातला पंखा असं काही ना काही उघडून बसण्यात काढली. मग मूर्तिजापूरच्या एका लग्नात मांडवातला कूलर बंद पडला. बाबा नव्या शर्टासकट त्यात घुसले, आणि बाकीच्या बायका पदरानं वारा घेत बसल्या असताना एक बाई पदर खोचून बादलीनं पाणी आणून देत राहिली. त्या कुमुदताई गावंडे. त्याही एकट्याच होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, अकोल्यात घराच्या पुढच्या खोलीत शिवणवर्ग चालवायच्या. त्यानंतर वर्षभर दोघं फोनवर बोलत होते. काय बोलत होते देव जाणे. मी एकदा चहा घेऊन गेले तेव्हा बाबा आवाज अगदी उतरवून तुरीच्या वरणाला फोडणी कधी द्यावी ते विचारत होते.

कोंबडं किती दिवस झाकणार? निशिकांतला कळलं. तो चिडला नाही, हे सांगायलाच हवं. समोर बसून म्हणाला, "बाबा, लग्न करा. माझी ना नाही. पण एक सांगा. तुम्ही अमरावती सोडून राहू शकता? यवतमाळला बढती मिळत होती, ती तुम्ही गावासाठी नाकारली. आणि त्या बाईंचा सगळा वर्ग तिकडे. त्या अकोला सोडणार नाहीत, तुम्ही अमरावती सोडणार नाही. मग हे पुढं काऊन न्यायचं?"

तिकडे कुमुदताईंच्या दिरानं, दिगंबररावांनी, वहिनीला जवळजवळ हेच सांगितलं होतं. कुमुदताई लग्न होऊन आल्या तेव्हा हे दिगंबरराव हाफचड्डीत शाळेत जात होते. वहिनीच्या हातचं जेवूनच मोठे झालेले. तेही म्हणाले, माझी ना नाही, पण गाव कोण सोडणार?

गाडी तिथं अडली होती. कोणीतरी एक हललं तर लग्न, नाहीतर तुरीचं वरण कायमचं फोनवरच.

मॉलची कल्पना माझी. आमच्या गल्लीत पंचविशीतली मुलगी पाहायला पाव्हणे आले तरी शेजारणी अंगणात तांदूळ निवडायला बसतात. साठीला टेकलेली बाई घरी आली असती तर तांदूळच पुरले नसते. मॉलमध्ये कोणी कोणाला विचारत नाही. म्हटलं, एक रविवार अकोल्याच्या मॉलमध्ये भेटा, एक रविवार अमरावतीच्या. एकमेकांची गावंही पाहून होतील. त्यानंतर हो की नाही ते एकदाचं सांगून टाका. सगळ्यांना पटलं. निशिकांतला तर जरा जास्तच पटलं. त्याला खात्री होती की दुसऱ्या रविवारी सगळं संपेल.

तर असे आम्ही मोर्णा मॉलमध्ये शिरलो. एप्रिल संपत आला होता आणि बाहेर अकोल्याचं ऊन होतं. हे ऊन पेपरात पहिल्या पानावर येतं, आणि अकोल्याच्या माणसाला त्याचाही अभिमान असतो.

"पाहा साहेब," दिगंबररावांनी दारापासूनच सुरुवात केली, "पाच मजले. विदर्भात नागपूर सोडलं तर असं काही नाही."

"आमच्याकडे चार आहेत," निशिकांत म्हणाला, "पण वर काचेचा घुमट आहे. दिवसा दिवे लावावे लागत नाहीत."

"घुमट घेऊन काय करता? ऊन आत येते."

"तुमच्याकडे येत असेल. आमच्याकडे उजेड येते."

दिगंबरराव हार्डवेअरच्या दुकानाचे मालक आणि निशिकांत बँकेतला अधिकारी, दोघं शहाणेसुरते. पण आपला तो बाब्या. लिफ्ट किती, पार्किंग केवढं, सिनेमाचे पडदे किती, मुलांची झुकझुक गाडी कोणाकडे आधी आली, सगळं निघालं. दोन्ही मॉल जणू यांनीच विटा वाहून बांधले होते. मी आपली वर्ध्याची. आमच्याकडे तेव्हा मॉलच नव्हता, त्यामुळे मला कोणी काही विचारलं नाही.

बाबा आणि कुमुदताई मागून चालत होते. मी मध्ये होते, दोन्हीकडचं ऐकायला सोयीचं.

कुमुदताई कपड्यांच्या दुकानात थांबल्या. एक कुर्ता उचलून त्यांनी आधी उलटा केला आणि शिवण पाहिली. "माझ्या पोरींना आणते मी इथं," त्या बाबांना म्हणाल्या. "विकत घ्यायला नाही. पाहायला. चांगलं कापड हाताला समजलं पाहिजे."

"दुकानवाले काही म्हणत नाहीत?"

"पहिल्यांदा म्हणले. मग मीच त्यांच्या एका ड्रेसची बाही नीट करून दिली. आता चहा विचारतात."

खालच्या मजल्यावर, सरकत्या जिन्यांच्या भोवती, लांबच लांब लाकडी बाक होते. त्या बाकांवर मॉलमध्ये अजिबात शोभणार नाहीत अशी माणसं बसली होती. जुन्या गावातले म्हातारे, धोतर आणि टोपी घातलेले. नऊवारी नेसलेल्या आज्या. कोणाकडेही खरेदीची पिशवी नाही. एक आजी तर पाय वर घेऊन, मांडी घालून, लसूण सोलत होती.

"यांना कोणी उठवत नाही?" बाबांनी विचारलं.

"कायले उठवतील? दुपारी घरी पत्रे तापतात. हे लोक अकरा वाजता येतात, ऊन उतरलं की जातात."

तेवढ्यात गणवेशातला रखवालदार त्या आजीकडे गेला. मला वाटलं, आता उठवणार. तो वाकून म्हणाला, "आजी, फोलपटं पिशवीत टाका, खाली उडून राह्यली." आजी म्हणाली, "टाकते रे बाप्पा," आणि सरकून त्यालाच बसायला जागा केली. तो बसला नाही, पण हसला.

बाबा तिथं उभे राहिले ते राहिलेच. मॉल या गोष्टीबद्दल मला फारसं प्रेम कधी नव्हतं, पण तो बाक मलाही आवडला. एवढी महागडी जागा, एवढा थंडावा, आणि लसूण सोलायला कोणाची मनाई नाही. ज्यानं कोणी हे ठरवलं त्याला दोन हात जोडावेत असं वाटलं.

वर खायला बसलो तेव्हा पुन्हा जुंपली. दिगंबरराव म्हणाले, "अमरावतीत अंबादेवी सोडली तर आहे काय?"

"अहो, तीच तर गोष्ट आहे," निशिकांत म्हणाला. "श्रीकृष्णानं रुक्मिणी आमच्या अंबादेवीच्या देवळातून नेली. द्वारकेहून आला तो, अमरावतीला."

"आला," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या, "पण नेलीच नं तिले? राहायला तर नाही आला तो."

आम्ही सगळे हसलो. निशिकांतही. बाबा हसले नाहीत. ते ताटातल्या डोशाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी सांबार मागितलं.

परत येताना गाडीत निशिकांत खुशीत होता. "काही खास नाही. आपला कितीतरी चांगला आहे. काय बाबा?"

"ठीक होतं," बाबा म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

पुढच्या आठवड्यात बाबा दुपारी घरातून गायब व्हायला लागले. एकदा साबणाची वडी घेऊन आले, एकदा कंगवा. कंगव्याची त्यांना फारशी गरज उरलेली नव्हती. मी विचारल्यावर म्हणाले, "तू पण चल उद्या. बाईच्या नजरेनं पाहायला पाहिजे."

म्हणजे हे रोज 'सातपुडा गॅलरी'त जात होते. अमरावतीचा मॉल. उघडल्यापासून कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता सणाच्या आधी घर झाडून घ्यावं तसं ते तो मजल्यामजल्यानं तपासत होते. मला घेऊन गेले तेव्हा आधी बायकांच्या स्वच्छतागृहात पाठवलं. "आत पाणी आहे का पाह्य. कडी लागते का पाह्य." मग दुसऱ्या मजल्यावर नेलं आणि एका जाळीखाली उभं केलं.

"काही वाटते?"

"नाही, बाबा."

"तेच तर. फिल्टर जाम आहे."

ते सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजर तरुण पोरगा होता, टाय बांधलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, पण तुम्ही कोण?"

"पाव्हणे येऊन राह्यले रविवारी."

"मॉलमध्ये?"

"मग कुठं येतील?" बाबा म्हणाले. "तेवढा फिल्टर साफ करून घ्या. आणि हे सांगा, बसायची व्यवस्था कुठं आहे?"

"फूड कोर्टात, काका. पण तिथं काही मागवावं लागते."

"आणि नाही मागवलं तर?"

मॅनेजर नुसता हसला.

येताना रिक्षात मी म्हटलं, "बाबा, कुमुदताई इथं राहायला आल्या तर तुम्हाला बरं वाटेल ना?"

"मले वाटेल," ते म्हणाले. "माझं काय? घर आपलं, गल्ली आपली, तुम्ही आहात. मले काहीच बदलावं लागणार नाही." एवढं बोलून ते बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. राजकमल चौक गेला, त्यांची शाळा असलेला रस्ता गेला. घरापाशी उतरताना म्हणाले, "लय सोपं आहे माझं."

मला वाटलं, ते समाधानानं म्हणताहेत.

रविवारी दुसऱ्या मजल्यावर हवा गार येत होती. बाबांनी आत शिरताच तळहात वर धरून खात्री करून घेतली. आणि खोटं कशाला बोलू, सातपुडा गॅलरी त्या दिवशी फार सुंदर दिसत होती. काचेच्या घुमटातून उजेड चारही मजले उतरून खालच्या कारंज्यापर्यंत येत होता. पांढऱ्या फरशीवर माणसांच्या सावल्या लांब पडल्या होत्या. दिगंबररावांनीही दोन मिनिटं काही टोमणा मारला नाही.

"घुमट चांगला आहे," ते शेवटी म्हणाले. "धुतात कसा?"

"दोर बांधून उतरतात," निशिकांत अभिमानानं म्हणाला. पडलाच कोणी तर जणू हाच झेलणार होता.

कुमुदताईंनी सगळं पाहिलं. कारंजं पाहिलं, पुस्तकांचं दुकान पाहिलं. फूड कोर्टात दह्यात भिजवलेला आमचा गिला वडा मिळतो हे पाहून त्यांना नवल वाटलं. मग एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात त्या शिरल्या आणि बाहेरच येईनात. मी आत गेले. दुकानाच्या अगदी दर्शनी भागात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा काचेमागे, शिलाई मशिनी मांडल्या होत्या आणि तीन मुली घेतलेले कपडे तिथल्या तिथं मापात बसवून देत होत्या. गिऱ्हाईक समोर उभं. प्रत्येकीच्या छातीवर नावाची पट्टी.

कुमुदताई त्यातल्या एकीशी बोलत होत्या. "कुठं शिकली तू? मावशीपाशी? हात चांगला आहे. फक्त कडेला दोरा एवढा ओढत नको जाऊ."

"वहिनी, चला नं," दिगंबरराव दारातून म्हणाले.

"थांब रे. पाह्य इकडं. पोरींना समोर बसवलं यांनी. नाव लावून. आपल्याकडे मागच्या गोदामात बसवतात, पंख्याशिवाय."

दिगंबररावांनी पाहिलं. त्यांच्या तोंडावरचा रंग जरा उतरला. ते हुशार होते. वहिनी नुसत्या मशिनी पाहत नव्हत्या, हे त्यांना माझ्याआधी समजलं असणार.

शेवटी आम्ही पाचजण फूड कोर्टात एका टेबलाशी बसलो. गिला वडा आला, दही-चिंचेची चटणी आली. ज्यासाठी दोन रविवार घातले होते ती वेळ आली होती, आणि नुसतं 'मग काय ठरलं' असं विचारायला कोणाची जीभ उचलेना. निशिकांतनं वाट काढली.

"बरं बाबा, दोन्ही मॉल पाहून झाले," तो म्हणाला. "आता तुम्हीच सांगा. कोणाचा मॉल चांगला?"

काय विचारलं जात होतं ते टेबलाभोवती सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाबा 'अमरावतीचा' म्हणाले की ते गाव सोडणार नाहीत. कुमुदताई 'अकोल्याचा' म्हणाल्या की त्याही नाहीत. मग रामराम करून ज्यानं त्यानं आपल्या घरी जायचं. निशिकांतनं चमचा खाली ठेवला आणि उत्तर माहीत असलेल्या माणसासारखा तो बाबांकडे पाहत राहिला.

"अकोल्याचा," बाबा म्हणाले.

निशिकांतला ऐकू आलं नाही असं वाटलं. "कोणाचा?"

"अकोल्याचा. त्यात काय विचार करायचा? तथी बाक आहेत. म्हातारं माणूस दिवसभर बसलं तरी कोणी ऊठ म्हणत नाही. इथं वडा मागवल्याशिवाय टेकता येत नाही. ज्या गावानं मॉलमध्ये लसूण सोलू दिला ते गाव चांगलंच असणार."

"काहीतरीच काय सर," कुमुदताई एकदम म्हणाल्या. "अमरावतीचा चांगला आहे. किती पटीनं चांगला आहे."

"वहिनी?" दिगंबरराव म्हणाले.

"तू थांब. सर, तुम्ही वर हवेकडे पाहता, खाली माणसाकडे पाहत नाही. त्या पोरी पाह्यल्या का? समोर बसून काम करून राह्यल्या. बाक काय, सुतार करून देईल. पोरींना मान कोण देते?"

"पोरी मीही पाह्यल्या. पण बाक सुतार करून देईल म्हणता? बाक ठेवू द्यायला मालकाचं मन लागते."

"मन इथं नाही का? घुमट पाहा."

"घुमट काय कामाचा? फिल्टर साफ करायला मले चार चकरा माराव्या लागल्या."

"तुम्ही मारल्या?" कुमुदताई थांबल्या. "कायसाठी?"

बाबा चपापले. "ते जाऊ द्या. मुद्दा हा की अकोला चांगलं आहे."

"अमरावती."

"अकोला."

दोघांचे आवाज चढले होते. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. दोन म्हातारी माणसं भांडत होती, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या गावासाठी. इतकं सुंदर भांडण मी आजवर पाहिलेलं नाही. मी आळीपाळीनं दोघांकडे बघत होते आणि माझे डोळे कधी भरले ते मला कळलं नाही. निशिकांतचा मात्र चेहरा पांढरा पडला होता. त्यानं हे गाव मध्ये घातलं होतं ते भिंत म्हणून. बाबा ही भिंत ओलांडून निघालेले पाहून तो घाबरला.

"बाबा, अकोल्याचं ऊन तुम्हाला सोसणार नाही," तो म्हणाला. "आणि बीपीची गोळी? तिकडे कोण पाहील?"

"अमरावतीत तरी काय आहे वहिनी?" दिगंबरराव म्हणाले. "वर्गातल्या पोरींचं काय?"

"शिकलेल्या पोरी वर्ग चालवतील. मी इथं नवीन काढीन," कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "जमेल मले. सवय आहे. माहेरून, कारंजा गावाहून, अकोल्याला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. एक माणूस ओळखीचं नव्हतं. रडली महिनाभर, मग झालं. गाव काय, होते आपलं."

"म्हणूनच," बाबा म्हणाले.

आता त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते कुमुदताईंकडे सरळ पाहत होते. मला वाटतं, दोन रविवारांत पहिल्यांदाच.

"तुम्ही एकदा सोडलं गाव, मॅडम. एकोणीस वर्षांच्या पोरीनं सोडलं. ही आमची स्वरूपा, वर्धा सोडून आली. हिची सासू दर्यापूर सोडून आली होती. मी इथंच जन्मलो, इथंच शिकलो, नोकरी इथंच केली, यवतमाळले जा म्हटलं तर मले ताप भरला. आणि आता पुन्हा तुम्हालेच म्हणू का, सोडा म्हणून? दोनदा? माझी पाळी तर अजून एकदाही आली नाही."

कुमुदताईंनी पदरानं डोळे पुसले नाहीत, तोंड पुसलं, जणू चटणी लागली होती.

"तुम्हाले जमणार नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"रडीन महिनाभर," बाबा म्हणाले. "मग होईल."

मी या घरात नऊ वर्षं होते. सासरा म्हणून मला ते आवडायचे, चांगलेच होते. पण त्या दिवशी फूड कोर्टात, वड्याच्या रिकाम्या ताटल्यांसमोर, मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या सख्ख्या माणसांपैकी कोणाचा वाटला नव्हता. आणि कोणी मला वर्ध्याचं विचारलं नाही म्हणून नऊ वर्षं कुठंतरी जे दुखत होतं, ते दुखत होतं हेही मला तेव्हाच कळलं.

अकोल्यात नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. त्यानंतर बाबांचं सामान न्यायला दिगंबरराव गाडी घेऊन अमरावतीला आले, कुमुदताईही आल्या. सामान थोडंच होतं. कपड्यांची बॅग, हत्यारांची पेटी, सासूबाईंचा फोटो. तो फोटो कुमुदताईंनी स्वतः साडीत गुंडाळून मांडीवर घेतला. गल्ली अर्थातच बाहेर आली होती. या वयात नवरदेव निघाला नवरीच्या घरी नांदायला, हे पाहायचं कोण चुकवेल? दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसतही होत्या.

मी बाबांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तळहातावर दही ठेवलं. निशिकांत पेटी गाडीत ठेवून आला आणि कुमुदताईंसमोर उभा राहिला. वाकला, पाया पडला. सरळ झाला तेव्हा हात जोडलेलेच होते.

"त्यांना सकाळी कोरा चहा लागतो," तो म्हणाला. "आणि रागावले तर बोलत नाहीत, नुसते मशिनी उघडतात. घर सोडून कधी राहिले नाहीत. काही चुकलं-माकलं तर..." मग त्यानं ते बोलूनच टाकलं. "चुकलं-माकलं तर पदरात घ्या."

गल्लीतलं हसू थांबलं. शेजारच्या इंदूकाकूंनी हसायला लावलेला पदर तसाच डोळ्यांकडे नेला.

वर्ध्याला, माझ्या पाठवणीच्या वेळी, माझ्या वडिलांनी हात जोडून हेच म्हटलं होतं. कोणाला, तर समोर उभ्या असलेल्या बाबांना. बाबा तेव्हा प्रसन्न हसून म्हणाले होते, "अहो, काळजी कायले करता? पोरगी काही दूर चालली का?" आणि माझे वडील मान हलवत मागे सरले होते.

बाबा गाडीच्या दारापाशी उभे होते. तळहातावरचं दही तसंच होतं, खायचं विसरून गेले होते. त्यांनी घराकडे पाहिलं, निशिकांतकडे पाहिलं, मग मला जवळ बोलावलं.

"स्वरूपा, तुझ्या वडिलांना फोन लाव जरा."

"आत्ता? काय सांगू?"

"त्यांना म्हण," बाबा म्हणाले, "मले आज समजलं."